समुद्रकिनाऱ्याचा जाबता

इंदूर शहराच्या ज्या भागात एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस उगवत आणि मावळत असे, त्या आमच्या परदेशीपुऱ्यातून मुंबईचा समुद्र रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटरांवर आहे. आणि तरीही दिवाळीची सुटी लागली, की येथील मराठी घरांतून जी कुटुंबे प्रवासास निघतात, त्यांतील पुष्कळांचा मुक्काम अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे, मालवण किंवा गोवा हाच असतो. सिरपूरचा तलाव, पाताळपाणीचा धबधबा आणि महेश्वर-ओंकारेश्वरची नर्मदा एवढ्याच पाण्याशी ज्यांची ओळख, अशी ही मंडळी प्रथम वाळूवर उतरतात, तेव्हा समोरचा समुद्र त्यांना एक विस्तीर्ण, मोकळे आणि कोणाच्याच मालकीचे नसलेले मैदान वाटतो. वास्तविक किनाऱ्यालगतच्या पहिल्या दोन-तीनशे मीटरांच्या पाण्याइतकी अनेकांच्या हक्कांनी गजबजलेली जागा शहरातही क्वचितच सापडेल. गुडघाभर पाण्यात उभी असलेली मुले, पोहणारे तरुण, फळीवर पालथे पडून लाटेची वाट पाहणारा सर्फर, भाड्याने जेट स्की देणारा व्यावसायिक, पॅराशूट ओढणारी वेगवान बोट, पहाटे रापणीचे जाळे टाकणारे गाबीत मच्छीमार बांधव, आणि हिवाळ्याच्या रात्री अंडी घालण्यासाठी वाळूकडे येणारी कासवी, या सर्वांस एकच पाणी हवे असते, आणि प्रत्येकास ते निराळ्या कारणासाठी हवे असते.

या हक्कांची वाटणी करून देणारा जो जाबता निरनिराळ्या देशांत आणि आपल्याही किनाऱ्यावर हळूहळू सिद्ध होत गेला, तो बाहेरून येणाऱ्या पर्यटकास पुष्कळदा सरकारी अडवणूक वाटतो. सुटी चार दिवसांची, खर्च मोठा, मुले हट्ट धरून बसलेली, आणि अशा वेळी कोणी गणवेशधारी मनुष्य शिट्टी वाजवून मागे बोलावू लागला तर राग येणे स्वाभाविक आहे. परंतु या नियमांतील बहुतेक नियम कोणा अंमलदाराच्या मर्जीतून निघालेले नाहीत. ते यंत्राच्या आणि पाण्याच्या स्वभावातून निघालेले आहेत, आणि तो स्वभाव ज्यास एकदा कळला त्यास नियमांची यादी पाठ करावी लागत नाही. जेथे शिट्टी वाजविणारा कोणी नाही अशा निर्जन किनाऱ्यावरही तो मनुष्य सुरक्षित राहतो, आणि त्याच्यामुळे इतरही.

प्रथम यंत्राकडे पाहू. जेट स्की दिसावयास पाण्यावरची मोटारसायकल दिसते, आणि इंदूरच्या रस्त्यांवर ज्याने दुचाकी चालविली आहे त्यास ती आपण सहज चालवू असा विश्वास वाटतो. हे साम्य मात्र मोठे फसवे आहे. या यानास बाहेर दिसणारा पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून इंजिन पाणी आत ओढते, आतील फिरत्या पात्यांनी त्यास जोर देते आणि मागील तोटीतून ते प्रचंड वेगाने बाहेर फेकते. त्या फवाऱ्याच्या प्रतिक्रियेने यान पुढे धावते. हातातील दांडा फिरविला म्हणजे पुढे कोणतेही चाक अथवा सुकाणू फिरत नाही, केवळ मागची तोटी डावी-उजवीकडे वळते. याचा अर्थ असा, की फवारा चालू असेल तोवरच यान वळते. समोर अकस्मात एखादे डोके दिसले आणि घाबरून चालविणाऱ्याने वेग देणारी कळ सोडून दिली, की फवारा थांबतो, आणि फवारा थांबताच दांडा कितीही फिरविला तरी यान आपल्या वेगाच्या जोराने ज्या दिशेने जात होते त्याच दिशेने सरळ जात राहते. रस्त्यावरच्या दुचाकीला जे प्राथमिक शहाणपण लागते, म्हणजे धोका दिसताच वेग सोडणे, तेच शहाणपण येथे घातक ठरते. नव्या धाटणीच्या काही यानांत यावर उपाय योजलेले आहेत आणि काहींत उलट फवाऱ्याने वेग आवरण्याची सोयही आहे. तथापि भाड्याने मिळणाऱ्या जुन्या यानांत ती असेलच, असे धरून चालणे बरे नव्हे.

आता थोडे गणित करू. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे यान एका सेकंदास सुमारे सतरा मीटर अंतर कापते. म्हणजे पन्नास मीटर दूर असलेल्या पोहणाऱ्यापर्यंत ते तीन सेकंदांत पोचते. पोहणाऱ्याचे पाण्याबाहेर दिसते ते केवळ डोके, आणि तेही दोन लाटांमधल्या खळग्यात गेले की दिसेनासे होते. चालविणाऱ्यास ते दिसावे, दिसल्याचे कळावे, काय करावे याचा निर्णय व्हावा आणि हाताने तो अमलात यावा, यास लागणारा वेळ त्या तीन सेकंदांतूनच वजा होतो. जगभरच्या नियमांत किनाऱ्यापासून आणि पोहणाऱ्यांपासून जी अंतरे ठरविलेली आढळतात, त्यांचे मूळ या तीन सेकंदांत आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर 300 मीटरांच्या पट्ट्यात कोणत्याही यानास पाच नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटरपेक्षा, अधिक वेगाने जाण्याची मुभा नाही. आणि जेथे तरंगते गोळे बांधून आखलेली चिंचोळी वाट असते, तेथून हळूहळू बाहेर पडून मगच मोकळ्या पाण्यात वेग घ्यावयाचा, अशी तेथील तजवीज आहे.

याच यंत्रास एक लवचीक दोरी असते, बहुधा लाल रंगाची. तिचे एक टोक इंजिनच्या कळीपाशी अडकविलेले असते आणि दुसरे चालविणाऱ्याने आपल्या मनगटास किंवा लाईफ जॅकेटास अडकवावयाचे असते. माणूस पाण्यात पडला की दोरी कळीतून निसटते आणि इंजिन तत्काळ बंद पडते, म्हणून मोकळे यान गर्दीत घुसत नाही व पडलेल्यास पोहत जाऊन ते गाठताही येते. किनाऱ्यावर उभे राहून मी ज्या गोष्टीकडे नेहमी पाहतो ती ही दोरी. ती पुष्कळदा दांड्याभोवती नुसती गुंडाळून ठेवलेली दिसते, कारण गिऱ्हाईक बदलले की प्रत्येक वेळी ती काढणे-घालणे कंटाळवाणे होते. लाखो रुपयांच्या यंत्राचे आणि अमोल जिवांचे रक्षण ज्या हातभर दोरीवर अवलंबून आहे, ती मनगटास बांधल्याविना यानावर बसावयाचे नाही आणि आपल्या मुलास बसू द्यावयाचे नाही, एवढा निश्चय प्रत्येक आईबापाने करावा, असे मला कळकळीने वाटते.

कायदा या यंत्राच्या मागे फार उशिरा धावला. इंग्लंडसारख्या जुन्या दर्यावर्दी राष्ट्रातही जेट स्की हे ‘जहाज’ आहे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आला, आणि 2005 साली तेथील अपील न्यायालयाने निर्णय दिला, की ते व्यापारी नौकानयन कायद्याच्या अर्थाने जहाज नव्हे, कारण ते कोठून कोठे तरी जाण्यासाठी वापरले जात नाही. ते एकाच पाण्यात घिरट्या घालते. निर्णय शब्दार्थाने सुसंगत होता. परंतु त्यामुळे जहाजाच्या बेदरकार चालकास जी शिक्षा होई ती जेट स्कीच्या चालकास देता येईना, आणि निरनिराळ्या नगरपालिकांना आपापल्या उपनियमांच्या किरकोळ दंडांवर भागवावे लागले. ही फट बुजविणारा हुकूम 31 मार्च 2023 रोजी अमलात आला. म्हणजे अठरा वर्षे एक वेगवान यंत्र किनाऱ्यावर धावत होते आणि त्याचे नाव काय, हेच कायद्यास ठरविता आले नव्हते. आपल्याकडे हा वाद त्या स्वरूपात उद्भवला नाही, तरी नोंदणी कोणाकडे, तपासणी कोणाकडे आणि दंड कोणी करावयाचा, हा घोळ आपल्यासही अपरिचित नाही. त्याकडे पुढे वळू.

त्यापूर्वी पाण्याचा स्वभाव. लाटांनी किनाऱ्याकडे आणून ओतलेले पाणी परत जाण्यास वाट शोधते, आणि वाळूच्या दांड्यांमध्ये जेथे खोलगट खिंड सापडेल तेथून ते एका अरुंद प्रवाहाच्या रूपाने वेगाने समुद्रात निघून जाते. या प्रवाहास आता वर्तमानपत्रांतही ‘रिप करंट’ म्हणतात. त्याचा वेग कधी कधी सेकंदास दोन मीटरांच्याही वर जातो, म्हणजे ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहणारा जलतरणपटूही त्याच्या उलट दिशेने पुढे सरकू शकत नाही. दुर्दैव असे, की जेथे हा प्रवाह असतो तेथे पाणी खोल असल्याने लाटा फुटत नाहीत, आणि नवख्या माणसास नेमकी तीच जागा शांत व निर्धोक दिसते. प्रवाहात सापडलेला मनुष्य बुडतो तो प्रवाहाने खाली ओढल्यामुळे नव्हे, तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या व्यर्थ धडपडीने दमून गेल्यामुळे. त्याने किनाऱ्यास समांतर पोहून त्या अरुंद पट्ट्याबाहेर पडावे, आणि ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा, हाच मार्ग आहे.

किनाऱ्यावरील निशाणांचा उगम येथे आहे. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर 1907 साली जीवरक्षकांचा संघ स्थापन झाला, आणि तेथून पुढे ऑस्ट्रेलियात पोहण्याची जागा दोन निशाणांनी आखून देण्याची जी पद्धत रूढ झाली, ती आता बहुतेक जगाने स्वीकारली आहे. वर तांबडी आणि खाली पिवळी अशी दोन निशाणे जेथे रोवलेली असतील, त्यांच्यामधल्या पाण्यात जीवरक्षकाचे लक्ष आहे असे समजावे. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे निशाण दिसले तर तेथील पाणी फळ्यांसाठी व तत्सम साधनांसाठी राखलेले आहे, पोहणाऱ्याने तेथे शिरू नये. एक तांबडे निशाण म्हणजे मोठा धोका. दोन तांबडी म्हणजे पाण्यात उतरण्यास पूर्ण मनाई. जांभळे निशाण तर विषारी जेलीफिशसारख्या जलचरांची सूचना देते. लहान मुलास एका संध्याकाळी शिकविता येईल एवढीच ही वर्णमाला आहे. पण आमच्या शाळांतून सहलीस निघणाऱ्या मुलांस ती शिकविली जात नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी वादळ नव्हते, पावसाळा नव्हता. होते ते केवळ अपरिचित पाणी.

सर्फिंगचे नियम याहून निराळ्या जातीचे आहेत, कारण ते सरकारने केलेलेच नाहीत. लाट एका वेळी एकाचीच, हा त्यांचा मूळ दंडक; आणि ती कोणाची, तर जेथे ती प्रथम फुटू लागते त्या शिखराच्या जो सर्वांत जवळ असेल त्याची. दुसऱ्याने त्याच्या वाटेत लाटेवर चढणे हा त्या समाजात गंभीर अपराध समजला जातो. जो फळीवर पालथा पडून हातांनी पाणी सारीत बाहेर चालला आहे, त्याने लाटेवरून येणाऱ्याच्या मार्गातून न जाता वळसा घालून जावे; फळी घोट्यास बांधलेली असावी, आणि लाट अंगावर आली म्हणून फळी सोडून स्वतः बुडी मारू नये, कारण मोकळी सुटलेली फळी मागच्याच्या डोक्यात बसते. हे सारे नियम हवाई बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तोंडी परंपरेने आले, आणि आता कर्नाटकातील मुल्की, तमिळनाडूतील कोवलम आणि उत्तर गोव्यातील आश्वे-मांद्रे या ठिकाणी शिकविणारे लोक पहिल्या दिवशी वाळूवरच ते नवशिक्यांच्या कानी घालतात. एक चमत्कारिक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे: पश्चिम किनाऱ्यावर सर्फिंगला योग्य अशा मोठ्या लाटा पावसाळ्याच्या तोंडी येतात, म्हणून 2016 साली मंगळुरूजवळ ससिहित्लू येथे सर्फिंगची पहिली खुली भारतीय स्पर्धा भरली ती मे महिन्याच्या अखेरीस. ज्या आठवड्यात महाराष्ट्राचा किनारा यांत्रिक जलक्रीडांना दार लावून घेतो, त्याच आठवड्यात निष्णात सर्फरचा सण सुरू होतो. एकच पाणी एकास निषिद्ध आणि दुसऱ्यास हवेसे असते, आणि दोन्ही गोष्टी योग्य असतात. कारण एकजण दहा मिनिटांच्या भाड्याने आलेला पाहुणा आहे, तर दुसऱ्याने त्या लाटेखाली अनेकदा गटांगळ्या खाऊन तिची ओळख करून घेतलेली आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या सर्वांचा अखत्यार कोणाकडे आहे, हे समजून घेणे थोडे कष्टाचे आहे. लहान बंदरे आणि त्यांच्या हद्दीतील नौका यांचा कारभार 1996 च्या कायद्याने निर्माण झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे; बोटींची नोंदणी, तपासणी आणि जलक्रीडांचे परवाने त्याच्या कचेऱ्यांतून मिळतात. बोटींच्या नोंदणीस आणि तपासणीस पूर्वी 1917 चा ब्रिटिश अमदानीतील अंतर्देशीय नौका कायदा लागू होता. त्याची जागा आता 2021 च्या कायद्याने घेतली आहे. राज्याच्या पर्यटन विभागाने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणच्या साहसी उद्योगांस नोंदणी आवश्यक केली. कासवांची घरटी आणि सागरी अभयारण्य वनखात्याकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, वाळूवरचे बांधकाम किनारा नियमन अधिसूचनेखाली, स्वच्छता आणि वाहनतळ ग्रामपंचायतीकडे, आणि अकस्मात धोका उत्पन्न झाला तर पाण्यात उतरण्यास मनाई करणारा हुकूम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. हा शेवटचा हुकूम इंदूरकरांस चांगला परिचित आहे; पावसाळ्यात पाताळपाणी-तिंछासारख्या धबधब्यांपाशी जी मनाई होते तीही याच अधिकाराने. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली होई, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या कलम 163 खाली होते.

इतके मालक असलेल्या जागेची राखण कोणीच पुरती करीत नाही, असा अनुभव आहे. म्हणून माझे मत असे, की परवान्याचा कागद कचेरीतील कपाटात न राहता किनाऱ्यावर, तिकीट फाडणाऱ्याच्या टेबलामागे, मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत टांगलेला असला पाहिजे: यानाचा नोंदणी क्रमांक, परवान्याची मुदत, एका बोटीत बसविण्याच्या माणसांची संख्या, चालकाच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि विम्याची तारीख. हे प्रशिक्षण देणारी देशातील प्रमुख संस्था म्हणजे गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था, आणि ती ज्या पर्यटन व्यवस्थापन संस्थेची शाखा आहे तिचे मुख्य ठाणे आपल्या मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरला आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या प्रांताचा किनाऱ्याच्या सुरक्षिततेशी असा संबंध आहे, याचा आम्हांस अभिमान वाटावयास हरकत नाही.

पाण्यात उतरण्यास परवाना लागावा, ही कल्पना कोकणास नवी नाही. कान्होजी आंग्र्यांच्या काळी त्यांच्या दस्तकावाचून व्यापारी गलबतांस त्या पाण्यातून सुखरूप जाता येत नसे, आणि त्याआधी पोर्तुगीज आपला कार्ताझ नावाचा परवाना सक्तीने घ्यावयास लावीत. ते परवाने सत्तेचे आणि जकातीचे होते. आजचा परवाना जिवाच्या हमीचा आहे, हा फरक मोठा आहे. हंगामाचे बंधन तर याहूनही जुने. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात लोटावयाची नाही, हा कोळ्यांचा शिरस्ता कोणत्याही राजपत्राआधीचा. आज 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारीस कायद्याने बंदी असते, आणि सागरी मंडळ जलक्रीडा व प्रवासी पर्यटन मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून 31 ऑगस्टपर्यंत बंद ठेवते. या तारखा पंचांगातील नसून वाऱ्याच्या आहेत, म्हणून बंद होण्याच्या आधीचे दिवसही निर्धोक असतात असे समजू नये. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगच्या पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटून दोघांचा अंत झाला, तो हंगाम मिटण्याच्या अगदी उंबरठ्यावर. आणि मे महिन्याचा तो शेवटचा पंधरवडा म्हणजे शाळांच्या सुटीमुळे गर्दीचा कळस असतो.

मालवणचा किनारा या विषयाच्या दृष्टीने सर्वांत शिकवणारा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा सुमारे 29 चौरस किलोमीटरांचा समुद्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथे प्रवाळ आहे, आणि नांगर टाकण्याच्या एका निष्काळजी कृतीने त्याची अनेक वर्षांची वाढ मोडून पडते. त्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली जाते. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडून त्याची दोन्ही टोके वाळूवर आणावयाची आणि दोन्हीकडे रांगेने उभ्या राहिलेल्या दहा-दहा, वीस-वीस माणसांनी पाठीला जोर देत ती तासन्‌तास ओढावयाची, असे हे सामुदायिक काम आहे. त्या अर्धवर्तुळातून एक जेट स्की भरकन निघून गेली तर मासे बिथरतात, आणि जाळ्याचा दोर यानाच्या जाळीत ओढला गेला तर जाळेही जाते व यानही बंद पडते. पाहुण्यास ते दोर दिसतही नाहीत. तेथे जलक्रीडेचा व्यवसाय करणारे पुष्कळजण मच्छीमार घरांतीलच आहेत, ही जमेची बाजू. कारण थोरला भाऊ रापणीवर आणि धाकटा बोटीवर असेल, तर वेळेची वाटणी घरातच होऊ शकते. कासवांसाठी अशी वाटणी करून देणारे घरचे कोणी नसते, म्हणून तेथे कायदा अधिक कठोर हवा. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, मोरजी, गालजीबाग अशा किनाऱ्यांवर येतात. प्रखर दिवे, गोंगाट आणि वाळूवर धावणाऱ्या मोटारी यांमुळे त्या अंडी न घालता परत फिरतात. वाळूवर मोटार नेण्यास जी मनाई आहे तिचे एक कारण हे, आणि दुसरे तितकेच व्यवहारी, की भरतीचे पाणी चाकांखालची वाळू काढून घेते व मोटार तेथेच रुतते.

गोव्याने या बाबतीत महाराष्ट्राच्या पुढे पाऊल टाकले, हे मान्य केले पाहिजे. 2008 पासून तेथील किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची व्यवस्था आहे, निशाणे लावली जातात, बोटींचे परवाने कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कचेरीतून दिले जातात, आणि 2019 साली पर्यटनस्थळांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन उघड्यावर मद्यपान करणाऱ्यास दोन हजार आणि समूहास दहा हजार रुपये दंड ठरला. मद्य आणि समुद्र यांचा संबंध कोणत्याही जीवरक्षकास विचारावा. तो अधिक बोलणार नाही, पण त्याचे उत्तर कळेल. महाराष्ट्राच्या अनेक किनाऱ्यांवर मात्र आजही जीवरक्षक आहे की नाही, हे तेथे पोचल्यावरच कळते.

आता आमच्या घरच्या पाण्याविषयी थोडे. इंदूरचा सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंतसागर ही दोन्ही जलस्थाने 2022 साली रामसर यादीत आली. यशवंतसागर हे मध्य भारतातील सारस पक्ष्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान, आणि शहराच्या पश्चिम भागास पिण्याचे पाणीही तेथूनच मिळते. समुद्रावर यांत्रिक यानाचा प्रश्न मुख्यतः अंतराचा आहे. तलावावर तो शुद्धतेचा होतो. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पाव हिश्शाच्या आसपास इंधन न जळताच बाहेर पडते, आणि ज्या पाण्यास भरती-ओहोटी नाही त्यात ते साचून राहते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाने सप्टेंबर 2023 मध्ये भोपाळच्याच भोज पाणथळीत क्रूझ आणि मोटरबोटी चालविण्यास मनाई केली, तिच्यामागे पिण्याच्या पाण्याचा आणि पाणथळ क्षेत्रांच्या 2017 च्या नियमांचा विचार होता. ज्यास यांत्रिक जलक्रीडेचीच हौस आहे त्याने हनुवंतियाची वाट धरावी. तेथील इंदिरासागर जलाशय नऊशे चौरस किलोमीटरांहून मोठा आहे आणि 2016 पासून तेथे जलमहोत्सव भरतो. परंतु त्याच जलाशयाखाली 2004 साली हरसूद गाव गेले, हे विसरू नये. धरणाचे पाणी उतरू लागले म्हणजे खाली उभी असलेली झाडांची खोडे पृष्ठभागाच्या जवळ येतात, आणि वेगवान बोटीस त्यांच्याइतका मोठा धोका नाही. आखून दिलेल्या हद्दीबाहेर न जाण्याचा नियम तेथे या खोडांसाठी आहे.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक आज भ्रमणध्वनीवर क्षणात मिळते. परंतु किनाऱ्यावरच्या लोकांचा जो जुना हिशेब आहे तो घरच्या कॅलेंडरवरून परदेशीपुऱ्यात बसूनही करता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी; येईल ती पूर्ण भरतीची वेळ, आणि तिच्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीन वाजता. अष्टमीस सहा वाजता. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच, कारण चंद्र आणि सूर्य यांच्यामधील कोनाने भरती ठरते आणि तिथीही त्याच कोनाने ठरते. ठिकाणाप्रमाणे अर्ध्या-पाऊण तासाचा, क्वचित त्याहून थोडा अधिक फरक पडतो, एवढे लक्षात ठेवावे. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास उधाण असते, पाणी सर्वांत उंच चढते आणि सर्वांत खोल उतरते, म्हणून त्याचा ओघही सर्वांत जोराचा. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते व पाणी सौम्य होते.

हा हिशेब दिवाळीस लावून पाहावा. लक्ष्मीपूजन अमावास्येस येते, आणि उधाणाचा खरा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणजे लक्ष्मीपूजन आटोपून रातोरात निघालेले आमचे कुटुंब पाडव्यास किंवा भाऊबीजेस कोकणात पोचते, ते ऐन उधाणात. भाऊबीज ही द्वितीया, तेव्हा दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तेथून संध्याकाळी पावणेआठपर्यंत पाणी सारखे समुद्राकडे ओढले जाते; जेवण करून, थोडे पडून, चार वाजता मुलांना घेऊन पाण्याकडे निघण्याची जी आमची वेळ, तीच ओढीचा जोर मध्यावर असण्याची वेळ. ज्यांना तीन-चार दिवस थांबता येईल त्यांनी किल्ला, देवळे आणि बाजार आधी पाहून घ्यावेत आणि समुद्र पंचमीनंतरच्या दिवसांसाठी राखावा. ज्यांना थांबता येत नाही त्यांनी सकाळी, पाणी चढत असताना आणि जीवरक्षक आपल्या जागी आल्यावर उतरावे, कमरेच्या वर जाऊ नये, आणि दुपारी दीडनंतर मुलांना वाळूवरच खेळवावे.